एका डॉलरवर अडतीस सेंट: छोट्या ऑनलाइन वर्गणीच्या शुल्काचं एक प्रकरण

डिसेंबर २०१७च्या पहिल्या आठवड्यात पेट्रिऑन या, चाहत्यांकडून कलाकारांसाठी दर महिन्याला छोटी वर्गणी गोळा करणाऱ्या, अमेरिकी कंपनीने शुल्काचा नवा नियम जाहीर केला आणि १३ डिसेंबरला तो मागे घेतला. नियम लागू व्हायची तारीख होती १८ डिसेंबर. म्हणजे तो प्रत्यक्षात एक दिवसही चालला नाही, तरी तेवढ्यात अनेक स्वतंत्र कलाकारांचे पाठीराखे गेले, महिन्याचं उत्पन्न घटलं. इंटरनेटवर छोट्या रकमा गोळा करून एखाद्याचं काम चालू ठेवणं कशावर टिकतं आणि कशाने मोडतं, हे समजून घ्यायला या प्रकरणाइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

कंपनीचे निर्णय जाहीर आहेत, म्हणून तिचं नाव घेतलं आहे. ज्या चित्रकार, लेखक, पॉडकास्टर मंडळींना आणि त्यांच्या पाठीराख्यांना याची झळ बसली, त्यांची नावं किंवा ओळख पटेल असा तपशील मुद्दाम दिलेला नाही.

पार्श्वभूमी

पेट्रिऑन २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालं. पाँप्लमूस या बँडमधला संगीतकार जॅक काँटी आणि कॉलेजात त्याच्या खोलीत राहणारा सॅम यॅम हे दोघे संस्थापक. काँटीने एका व्हिडिओसाठी साठवलेले पैसे ओतले होते. बघणारे भरपूर होते, पण जाहिरातींतून हातात येणारी रक्कम खर्चाच्या जवळपासही जात नव्हती. मग त्याने सरळ विचार केला: बघणाऱ्यांतले थोडे लोक जरी दर महिन्याला एक-दोन डॉलर देऊ लागले, तर जाहिरातीकडे तोंड वेंगाडायची गरज उरणार नाही.

ही कल्पना चालली. वेबकॉमिक म्हणजे इंटरनेटवरच्या चित्रकथा काढणारे, विज्ञान समजावून सांगणारे, घरबसल्या पॉडकास्ट करणारे, कथा लिहिणारे असे हजारो लोक तिथे आले. कंपनी वर्गणीतले ५ टक्के घ्यायची. कार्डाचा खर्च वेगळा, आणि तोही कलाकाराच्याच वाट्यातून जायचा.

या सगळ्याच्या तळाशी एक साधी सोय होती, आणि पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. एखादा पाठीराखा दहा जणांना एकेक डॉलर देत असेल, तर पेट्रिऑन त्याच्या कार्डावर दहा वेळा एकेक डॉलर कापत नसे. महिन्याच्या एक तारखेला दहा डॉलर एकदाच कापायचे आणि मग आपल्या हिशोबात दहा जणांना वाटून द्यायचे. व्यवहार एक, म्हणून शुल्कही एकदाच.

तीस सेंट कुठून येतात

अमेरिकेत ऑनलाइन कार्ड घेणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला त्या काळी साधारण २.९ टक्के अधिक ३० सेंट असा दर पडायचा. आजही बऱ्याच ठिकाणी तोच आहे. यातल्या टक्केवारीने कुणी मरत नाही. एका डॉलरचे २.९ टक्के म्हणजे तीन सेंटसुद्धा नाहीत. मारतात ते ३० सेंट, कारण ते शंभर डॉलरलाही तेवढेच आणि एका डॉलरलाही तेवढेच. शंभरावर एकूण ३ डॉलर २० सेंट जातात; एकावर जवळपास ३३ सेंट, म्हणजे एक तृतीयांश.

हा ठरावीक आकडा निव्वळ हावेतून आलेला नाही. कार्डाच्या प्रत्येक व्यवहारात कार्ड देणारी बँक, कार्डाचं जाळं (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे), दुकानदाराची बँक आणि वेबसाइटवरून कार्डाची माहिती पुढे पोचवणारी मधली गेटवे कंपनी यांची साखळी हलते. परवानगी मागणं, फसवणूक तपासणं, नोंद ठेवणं हे काम रकमेप्रमाणे लहान-मोठं होत नाही. ग्राहकाने व्यवहारावर हरकत घेतली तर आणखी खर्च; व्यावसायिकाला ऑनलाइन कार्डाचे पैसे घेऊन देणारी स्ट्राइपसारखी कंपनी तेव्हा एका तक्रारीमागे व्यावसायिकाकडून १५ डॉलर घ्यायची, मग तक्रार एका डॉलरची का असेना.

सरकारी नियमही कधीकधी छोट्या रकमेच्या विरोधात जातो. अमेरिकेत बँकांवर बंधनं घालणाऱ्या २०१०च्या डॉड-फ्रँक कायद्यात डर्बिन दुरुस्ती म्हणून एक कलम आलं. ऑक्टोबर २०११ पासून मोठ्या बँकांना डेबिट कार्डाच्या व्यवहारावर २१ सेंट अधिक ०.०५ टक्के एवढीच मर्यादा घातली गेली. हेतू दुकानदारांचा भार कमी करण्याचा, आणि मोठ्या बिलांवर तो कमी झालाही. पण छोट्या बिलांना आधी जे सवलतीचे दर मिळायचे ते गेले, आणि २१ सेंटची कमाल मर्यादा हाच सरसकट दर होऊन बसला. त्याच महिन्यात डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या रेडबॉक्सने एका रात्रीचं एक डॉलर भाडं १ डॉलर २० सेंट केलं आणि कारणांमध्ये वाढलेला डेबिट कार्ड खर्चही सांगितला. एक डॉलर ही रक्कम कार्डाच्या व्यवस्थेत किती उघड्यावर पडलेली असते, ते यातून कळतं.

पेट्रिऑनची एकत्र कापणी हा एक डॉलरवाल्याच्या डोक्यावरचा आडोसा होता.

अडचण

आता कंपनीची बाजू. ती खरी होती, आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढच्या निर्णयाला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

सगळे पैसे एक तारखेला कापले जात असल्यामुळे एक पळवाट होती. कुणी पाच तारखेला सभासद व्हायचं, कलाकाराचं मागचं सगळं खास साहित्य उतरवून घ्यायचं आणि तीस तारखेच्या आत नाव काढून घ्यायचं. कलाकाराला छदामही नाही. यावर उपाय म्हणून कंपनीने काही कलाकारांना ‘आधी पैसे, मग प्रवेश’ अशी सोय दिली. सभासद होताक्षणी पहिली रक्कम कापली जायची, त्यानंतर नेहमीप्रमाणे दर एक तारखेला.

त्यातून दुसरं दुखणं निघालं. अठ्ठावीस तारखेला सभासद झालेल्याच्या कार्डावर अठ्ठावीसला एकदा आणि लगेच एक तारखेला पुन्हा कापणी. चार दिवसांत दोनदा पैसे गेलेले पाहून माणूस बिथरणारच. तक्रारी यायच्या, काही जण रागाने निघूनही जायचे.

तिसरी गोष्ट कलाकारांच्या हिशोबाची. एकत्र कापणीचं शुल्क सगळ्या कलाकारांत वाटलं जायचं, त्यामुळे कुणाचे पाठीराखे आणखी किती जणांना पैसे देतात यावर त्याची कटौती ठरायची. कंपनीच्याच सांगण्यानुसार कलाकाराच्या हातात ८५ ते ९३ टक्क्यांच्या दरम्यान काहीही पडायचं. घरभाडं त्याच पैशातून भरणाऱ्याला या महिन्यात किती येणार ते आधी सांगता यायचं नाही.

समोर असलेले पर्याय

कंपनीच्या बंद दारांआड कशाची किती चर्चा झाली, हा या लेखाचा विषय नाही. त्या काळात या अडचणीवर कोणते मार्ग माहीत होते आणि इतरांनी कोणते वापरले होते, तेवढंच मांडतो.

सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे दिवसांच्या हिशोबाने पैसे कापणं. अठ्ठावीस तारखेला येणाऱ्याकडून त्या महिन्याच्या उरलेल्या तीन दिवसांपुरतीच रक्कम घ्यायची, एक तारखेपासून पूर्ण. पण एका डॉलरच्या सभासदाचे तीन दिवस म्हणजे दहा सेंट, आणि ते कापायला तीस सेंट खर्च. छोट्या रकमेपाशी हा मार्ग बंद होतो. मात्र तीच रक्कम पहिल्यांदा पूर्ण घेऊन लगेचच्या एक तारखेची कापणी माफ केली असती, तर शुल्क तेवढंच राहिलं असतं आणि डबल कापणीही टळली असती. नुकसान कलाकाराचं, तेही सभासद झाल्याच्या महिन्यापुरतं आणि काही दिवसांचं. मला हा पर्याय आजही सगळ्यांत सरळ वाटतो.

दुसरा मार्ग आगाऊ जमा ठेवण्याचा. फ्रान्समधून चालणाऱ्या लिबरापेवर देणगी आठवड्याच्या हिशोबाने ठरते, पण देणारा बऱ्याच आठवड्यांचे पैसे एकदम भरू शकतो. वर्षाचे पैसे एका कापणीत आले की ठरावीक शुल्क एकदाच लागतं. त्याआधी २०१० मध्ये स्वीडनमध्ये निघालेल्या फ्लॅटरने आणखी वेगळं केलं होतं: देणाऱ्याने महिन्याची एकच रक्कम ठरवायची आणि त्याने महिनाभरात ज्या-ज्या कामाला दाद दिली त्यांच्यात ती वाटली जायची. लोकांचे पैसे असे सांभाळून ठेवायचे म्हटलं की वित्तीय परवाने आणि देखरेख मागे लागते, हा या मार्गातला खरा काटा.

तिसरा मार्ग छोट्या रकमांसाठी वेगळा दर मिळवण्याचा. ऑनलाइन पैसे देण्या-घेण्याची सेवा चालवणाऱ्या पेपॅलकडे अमेरिकेत तेव्हा असा दर होता: ५ टक्के अधिक ५ सेंट. टक्केवारी जास्त, ठरावीक भाग अगदी थोडा. साधारण बारा डॉलरच्या खालच्या प्रत्येक व्यवहाराला तो नेहमीच्या दरापेक्षा स्वस्त पडतो. एका डॉलरवर दहा सेंट आणि तेहेतीस सेंट यातला फरक एखाद्या वेबकॉमिकच्या चित्रकाराला किती मोठा आहे, ते सांगायला नको.

आणि चौथा मार्ग, जो निवडला गेला: प्रत्येक सभासदत्वाची कापणी वेगळी, ज्या तारखेला सभासद झाला त्या तारखेला, आणि तिचा खर्च पाठीराख्याने भरायचा.

निर्णय

नव्या नियमात कलाकाराला ठरलेल्या रकमेच्या नेमक्या ९५ टक्के मिळणार होते. पाठीराख्याला प्रत्येक सभासदत्वामागे २.९ टक्के अधिक ३५ सेंट असं सेवाशुल्क वरून भरायचं होतं.

आकडे मांडले की चित्र उघडं पडतं. एक डॉलर देणाऱ्याला आता १ डॉलर ३८ सेंट द्यायचे. पाच डॉलरवाल्याला साडेपाच. दहावाल्याला १० डॉलर ६४ सेंट. शंभरवाल्याला १०३ डॉलर २५ सेंट. शंभर देणाऱ्याचा भार सव्वातीन टक्क्यांनी वाढला, एक देणाऱ्याचा अडतीस टक्क्यांनी. आणि दहा जणांना एकेक डॉलर देणाऱ्याचं बिल दहावरून एकदम १३ डॉलर ८० सेंटच्या घरात गेलं.

कंपनीने या बदलाची ओळख ‘कलाकाराला आता पूर्ण ९५ टक्के’ अशी करून दिली. त्यात खोटं काही नव्हतं. पण टक्के कशाचे, हे महत्त्वाचं. पाठीराख्याच्या खिशातून १ डॉलर ३८ सेंट जाणार आणि कलाकाराला ९५ सेंट पोचणार, म्हणजे देणाऱ्याने दिलेल्यातला जवळपास ३१ टक्के भाग वाटेत राहणार. देणारा माणूस हिशोब त्याच्या टोकापासून करतो.

इथे मला पोस्टाची मनीऑर्डर आठवते. गिरणीतला कामगार मुंबईहून कोकणात पैसे पाठवायचा, किंवा गावाकडचा वाचक मासिकाची वार्षिक वर्गणी पाठवायचा, तेव्हा वीस रुपयांमागे एक रुपया कमिशन पाठवणाराच भरायचा. पाच टक्के काही कमी नव्हेत. तरी कुणी फसवल्यासारखं वाटून घेत नसे, कारण फॉर्म भरतानाच ते ठाऊक असायचं आणि शंभरवाल्याला पाचशेवाल्यापेक्षा जास्त दराने भुर्दंड पडत नसे. पेट्रिऑनच्या पाठीराख्यांनी वर्गणी सुरू केली ती एक डॉलर म्हणून. तिचा आकडा त्यांना न विचारता बदलला जात होता, आणि जो सगळ्यांत कमी देऊ शकतो त्याचाच सगळ्यांत जास्त.

निर्णयाच्या या टप्प्यावर तीन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या गेल्या: कापणीची तारीख, एकत्र कापणी बंद करणं, आणि शुल्क कुणी भरायचं. तारखेची अडचण खरी होती. दुसरी आणि तिसरी गोष्ट तिच्यामागून आल्या. तिन्ही सुट्या ठेवून एकेकीवर कलाकारांचं मत घेतलं असतं, तर दुसऱ्या गोष्टीपाशीच कुणीतरी हात वर केला असता.

सहा-सात दिवसांत काय घडलं

पहिल्याच दिवशी कलाकारांना पाठीराख्यांचे निरोप यायला लागले. बरेचसे माफी मागणारे होते. तुमचं काम आवडतं, पण मी बारा जणांना एकेक डॉलर देतो, आता परवडणार नाही, तेव्हा काही जणांना सोडावं लागतंय. कुणाला सोडायचं हे ठरवण्याची वेळ पाठीराख्यावर आली, आणि सगळ्यांत आधी सुटले ते एक-दोन डॉलरचे.

ज्यांच्याकडे शंभर-दोनशे लोक पाच-दहा डॉलर देणारे होते, त्यांना धक्का सौम्य बसला. मार बसला तो वेबकॉमिकवाल्यांना, छोट्या कथा लिहिणाऱ्यांना, ज्यांचं सगळं गणितच ‘एक डॉलर द्या, पुष्कळ झालं’ या आवाहनावर उभं होतं त्यांना. असं आवाहन लोकांना न लाजवता बोलावतं. विद्यार्थी, पेन्शनर, हातावर पोट असलेला माणूस, कुणीही येऊ शकतो. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतली सगळ्यांत मोलाची गोष्ट हीच आहे, आणि निर्णय घेणाऱ्यांच्या नजरेतून तीच निसटली.

दुसरीकडे हिशोब जुळेना म्हणून संशय वाढला. लोकांना माहीत होतं की दहा डॉलर एकदम कापले तर कार्डाचा खर्च साठ सेंटच्या आसपास येतो. मग पावणेचार डॉलर कशाला? मधले तीन डॉलर कंपनी खिशात घालणार, असा अर्थ अनेकांनी काढला. त्याचं उत्तर होतं: आता कापणी एकत्र होणार नाही, दहा वेळा वेगळी होईल, म्हणून खर्चही दहा वेळा. ते काँटीने नंतर लिहून समजावलं. डबल कापणीची अडचणही तेव्हाच नीट पुढे आली. पण तोवर लोकांनी आपलं मत बनवलं होतं, आणि बनलेलं मत आकडेमोडीने सहसा बदलत नाही.

काही कलाकारांनी पाठीराख्यांना दुसरे रस्ते दाखवायला सुरुवात केली: को-फी या सेवेवरून एकदाच थोडे पैसे, पेपॅल, लिबरापे. एकदा का कलाकाराने स्वतःच्या लोकांना असा दुसरा पत्ता दिला, की मूळ जागेचं महत्त्व कमी झालंच.

१३ डिसेंबरला काँटीने जाहीर पत्र लिहिलं. आम्ही चुकलो, माफ करा, हा बदल आम्ही करत नाही, असं त्यात स्पष्ट होतं. तुमच्यापैकी अनेकांचे पाठीराखे आणि उत्पन्न गेलं आणि माफीने ते भरून येणार नाही, हेही त्याने कबूल केलं. चाहत्यांशी असलेलं नातं कलाकाराचं आहे, ते कसं चालवायचं हे त्याने ठरवायचं, आम्ही त्यात पडायला नको होतं, असा त्या पत्राचा सूर होता. एकत्र कापणी लोकांना किती मोलाची वाटते, हे आता कळल्याचंही त्यात होतं.

परिणाम

नियम मागे गेला, गेलेले सगळे पाठीराखे परत आले नाहीत. रद्द केलेली वर्गणी पुन्हा सुरू करायला माणसाला पुन्हा पानावर जावं लागतं, पुन्हा कार्ड द्यावं लागतं, आणि मुख्य म्हणजे पुन्हा ठरवावं लागतं. एका डॉलरसाठी ते सगळे करतीलच असं नाही.

कंपनी मात्र यातून काही शिकली, हे पुढच्या पावलांवरून दिसतं. मे २०१९ मध्ये तिने दरांची नवी रचना आणली: ५, ८ आणि १२ टक्के अशा तीन पायऱ्या. कमिशन वाढलं होतं, तरी २०१७सारखा भडका उडाला नाही. त्याची कारणं रचनेतच आहेत. जे कलाकार आधीपासून होते त्यांना जुना दर कायम ठेवला. भार कलाकाराच्या वाट्यावर ठेवला, पाठीराख्याच्या बिलाला हात लावला नाही. आणि नव्यांसाठी ३ डॉलर व त्याखालच्या रकमांना वेगळा दर दिला: ५ टक्के अधिक १० सेंट. एका डॉलरवर ३३ सेंटऐवजी १५ सेंट. हा तोच तिसरा मार्ग, जो २०१७ मध्येही पेपॅलच्या दरपत्रकात डोळ्यांसमोर होता.

कमिशनची चढण मात्र थांबलेली नाही. ऑगस्ट २०२५ पासून नव्याने येणाऱ्या कलाकारांना सरसकट १० टक्के दर आहे.

आणखी एक वळण बाहेरून आलं. ऑगस्ट २०२४ मध्ये पेट्रिऑनने जाहीर केलं की आयफोनच्या अ‍ॅपमधून होणारी सभासदत्वं अ‍ॅपलच्या खरेदी-व्यवस्थेतूनच घ्यावी लागतील आणि त्यावर अ‍ॅपलचं ३० टक्के शुल्क लागेल. शिवाय अ‍ॅपलच्या व्यवस्थेत एक तारखेची कापणी बसत नाही, त्यामुळे कलाकारांना सभासद झाल्याच्या तारखेनुसार कापणीकडे जावं लागणार. त्यानंतर अमेरिकेतले कोर्टाचे निकाल आणि मुदतीतले बदल यांमुळे तपशील हलत राहिले. तरी २०१७ मध्ये कलाकारांनी एका कंपनीकडून जे परतवून लावलं, तेच पुढे दुसऱ्या, कितीतरी मोठ्या कंपनीच्या दारातून आत येऊ पाहत होतं. तिथे पत्र लिहून माघार घेणारं कुणी समोर नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

डबल कापणी ही ‘आधी पैसे’ हा पर्याय घेतलेल्या कलाकारांपुरती अडचण होती. उपाय मात्र सगळ्यांवर लावला गेला. तो त्या गटापुरता ठेवला असता आणि त्यांनाही निवड दिली असती, तर फार कमी लोकांच्या बिलाला धक्का लागला असता.

सरासरीने फसवलं असावं, असं मला वाटतं. मासिक रकमेची बेरीज पाहिली तर मोठा हिस्सा मोठी रक्कम देणाऱ्यांकडून येतो, आणि तिथे नवं शुल्क किरकोळ दिसतं. माणसं मोजली तर चित्र उलटं. नियम बदलण्याआधी कागदावर दोन रकाने हवे होते, एक पैशांचा आणि एक माणसांचा. दहा जणांना एकेक डॉलर देणाऱ्या एकाच पाठीराख्याचं नवं बिल कुणी फळ्यावर लिहून पाहिलं असतं, तरी पुरलं असतं.

जाहीर करण्यापासून अंमलापर्यंत दोन आठवडेही नव्हते, तेही डिसेंबरमध्ये, जेव्हा तिकडे लोकांचे सणाचे खर्च चालू असतात. आणि ‘का’ हे ‘काय’ च्या नंतर आलं. अडचण आधी सांगून उपाय मागितले असते, तर कलाकारांनीच चार चांगले सुचवले असते. त्यांच्यातल्या अनेकांना छोट्या रकमांचं गणित कंपनीइतकंच पाठ आहे.

एक गोष्ट कंपनीने नीट केली, तीही नोंदवायला हवी. माघार अर्धवट घेतली नाही. दर थोडा कमी करून तोच नियम दामटण्याचा मोह मोठा असतो. पूर्ण माघार लवकर घेतल्यामुळेच २०१९ मध्ये लोकांनी पुढचा प्रस्ताव ऐकून तरी घेतला.

इकडचं गणित

मराठीत पॉडकास्ट, यूट्यूब वाहिनी किंवा स्वतंत्र लेखन चालवणाऱ्यांसाठी या प्रकरणातला काही भाग लागू पडतो, काही अजिबात नाही.

भारतात १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर व्यापाऱ्याकडून घेतलं जाणारं शुल्क शून्य केलं आहे. श्रोत्याने क्यूआर कोड स्कॅन करून दहा रुपये पाठवले तर दहाच्या दहा पोचतात. छोट्या रकमेवर ठरावीक शुल्काचा जो दगड अमेरिकेत आहे, तो इथे बाजूला झालेला आहे. त्याचा खर्च कुणीतरी सोसतंच: मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने छोट्या व्यापाऱ्यांकडच्या २,००० रुपयांपर्यंतच्या यूपीआय व्यवहारांसाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली, ती बँका आणि पेमेंट कंपन्यांना ०.१५ टक्के भरपाई देण्यासाठी. ही व्यवस्था अशीच राहील हे गृहीत धरून कुणी कायमचं गणित बांधू नये.

दर महिन्याची आपोआप वर्गणी हा इथला अवघड भाग. जुलै २०२० मध्ये यूपीआय ऑटोपे आलं, त्याने देशातल्या श्रोत्यांसाठी वाट मोकळी झाली. कार्डांच्या बाबतीत मात्र १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे, म्हणजे आपोआप कापणीसाठी ग्राहकाने द्यायच्या परवानगीचे, नियम लागू झाले. नोंदणीला वेगळी पडताळणी आणि प्रत्येक कापणीआधी किमान २४ तास सूचना. ग्राहकाच्या दृष्टीने नियम चांगला आहे, पण त्या वेळी परदेशी मंचांवरच्या भारतीय कार्डांच्या मासिक वर्गण्या मोठ्या प्रमाणात नाकारल्या गेल्या. पुण्यातल्या श्रोत्याला डॉलरमधल्या मंचावर आणण्यात म्हणून फारसा अर्थ नाही. त्याच्यासाठी यूपीआय, आणि न्यू जर्सी किंवा लंडनमधल्या श्रोत्यासाठी कार्ड चालणारा मंच, अशी दोन दारं ठेवावीत. यूट्यूबचं सभासदत्व सोयीचं असलं तरी त्यात ३० टक्के यूट्यूबकडे राहतात, हेही हिशोबात धरावं.

परदेशातल्या श्रोत्याकडे मागताना मासिक एका डॉलरऐवजी वार्षिक बारा डॉलरचा पर्याय आधी दाखवावा. २.९ टक्के अधिक ३० सेंट या दराने बारा वेगळ्या कापण्यांत वर्षाला जवळपास चार डॉलर जातात. तेच बारा डॉलर एकदम घेतले तर पासष्ट सेंट. मंचाचं कमिशन दोन्हीकडे सारखंच, उरलेले सव्वातीन डॉलर थेट कामाला. ज्याला एकदम बारा जड जातात त्याच्यासाठी मासिक एका डॉलरचं बटण त्याच्याखाली ठेवावं, आणि त्या बटणाशेजारी किती कापले जातात तो आकडा स्पष्ट लिहावा.